हातचे

'वार्षिक उत्पन्न किती?'
मुलुंडच्या तहसील कचेरीत खिडकीमागचा माणूस विचारतो
आणि आई माझ्याकडे बघते,
जणू गणिताच्या पेपरात
न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न आलाय.

वर्षाचं कोण मोजतं?
ती साड्या मोजते.
फॉल आणि पिको, नगाला पस्तीस.
लग्नसराईत रात्री दोनपर्यंत मशीन,
पितृपक्षात दिवसाला एक, कधी तीही नाही.
मी फॉर्मच्या पाठीमागे बेरीज मांडते:
दोन हजार सहाशे चाळीस साड्या,
ब्याण्णव हजार चारशे रुपये.
'एवढे?' आई म्हणते. 'मग गेले कुठे?'

वडिलांच्या रकान्यात लिहा, निरंक.
'निरंक म्हणजे?'
'काही नाही असं.'
सात वर्षं झाली बाबांना जाऊन.
आई तो शब्द तोंडात घोळवते, बडीशेप चघळावी तसा.
'काही नाही असं नव्हतं हो,' ती त्या माणसाला सांगते,
'रोज भांडायचे.'

आधारवर इंदुमती, रेशनकार्डावर इंदूमती.
म्हणून शंभराच्या स्टँपपेपरवर प्रतिज्ञा,
की वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे.
जिना उतरताना आई म्हणाली,
'दोन असत्या तर बरं झालं असतं.
एक मशीनवर बसली असती,
एक इथे रांगेत.'

अर्धी फी सरकार भरणार, एवढंच आम्हाला कळलं होतं.
एकसष्ट हजार चारशेचं अर्धं,
आईने बोटांवर करून ठेवलं होतं.
माटुंग्याच्या कॉलेजात काउंटरवरच्या बाईंनी
चष्मा कपाळावर सरकवून समजावलं
(आवाज न चढवता, हे सांगायला हवं):
अर्धं फक्त शिकवणी शुल्काचं.
विकास निधी, लायब्ररी, प्रयोगशाळा, अनामत, जिमखाना
यांचं अर्धं होत नाही.
आणि आत्ता सगळी भरा.
सरकारचे आले की तुमच्या खात्यात येतील.
'कधी येतील?'
बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

भिशीचा पहिला नंबर आईने तोट्यात उचलला.
मामाने दिले, मामीला न सांगता.
बाकीचे वीस हजार हंसाबेनच्या दुकानातून उचल,
पुढे येणाऱ्या साड्यांवर,
ज्या अजून विणूनही झाल्या नव्हत्या,
ज्या नेसणाऱ्या मुलींची
स्थळंसुद्धा कुणी बघितली नव्हती.
पाचशे एकाहत्तर साड्या, वर पंधरा रुपये.
माझं पहिलं वर्ष एवढं लांब होतं.
लेक्चरला मागच्या बाकावर बसून
मी कधी कधी हिशोब करायचे:
आजचा तास सव्वा साडीचा, सर आलेच नाहीत.

भांडुपच्या खोलीत दिव्याखाली
ती काठाला फॉल जोडायची,
मी तिच्या पायाशी अर्ज उघडून बसायचे.
स्थिती: पडताळणी प्रलंबित.
स्थिती: त्रुटी, कागद पुन्हा जोडा.
स्थिती: प्रलंबित.
तिने एकदा विचारलं, 'प्रलंबित म्हणजे निरंक का?'
मी म्हटलं, नाही गं, तेवढं नाही.

तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये, एका मंगळवारी,
पहिल्या वर्षाचे पैसे आले.
तेवीस हजार चारशे.
आईने मेसेज मला दोनदा वाचायला लावला,
मग प्रथमेशला, तो बारावीला,
मग शेजारच्या लोबो आंटीला, ज्यांना मराठी वाचता येत नाही.

'किती साड्या होतात?'
'सहाशे अडुसष्ट.'
ती गप्प राहिली.
हंसाबेनची उचल केव्हाच फिटली होती,
त्या साड्या नेसून मुली सासरी गेल्या,
एकीला बाळही झालं म्हणे.
'म्हणजे तेवढ्या मी शिवायलाच नको होत्या,' आई म्हणाली.
'उसवून परत आणू का?'

आणि स्वतःच हसली, सुई दातात धरून,
जे करू नको म्हणून मी हजारदा सांगितलंय.

मग प्रथमेशकडे वळून,
'तुझा फॉर्म कधी निघतो रे?
आणि नाव नीट बघ माझं,
ऱ्हस्व की दीर्घ ते एकदा ठरवून टाक.'

मशीनचं चाक फिरलं, थांबलं.
'सहाशे अडुसष्ट,' तिने मला विचारलं, 'आणि वर किती?'
'वीस.'
'ते हातचे धर.'